वेगळा टॉवेल
माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या नाकाखाली पुळ्या आल्या, फुटल्या आणि मधाच्या रंगाची खपली धरली. दादीने नजर उतरवली. चाचीने आपली मुलं आवरून घेतली. लेक म्हणाली, "अम्मी, मी घाणेरडी आहे का?"

नाही. हा इम्पेटिगो, जिवाणूंचा संसर्ग. स्वच्छ घरातल्या मुलांनाही होतो. स्पर्शाने, टॉवेलने पसरतो. डॉक्टरांचं औषध सुरू झालं की साधारण ४८ तासांत पसरणं थांबतं. तोवर मूल घरीच ठेवावं, नखं कापावीत, वुजूनंतर तोंड पुसायचा टॉवेलही प्रत्येकाचा वेगळा असावा. पुढच्या काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. क्वचित मूत्रपिंडांना सूज येते.