अडतीस वेळा हेवेल

मराठी बायबलमध्ये 'उपदेशक' नावाचं बारा अध्यायांचं एक छोटं पुस्तक आहे. त्याच्या दुसऱ्याच वचनात एक शब्द लागोपाठ येतो आणि मग पुस्तक संपेपर्यंत पाठ सोडत नाही. मराठीत तो शब्द आहे 'व्यर्थ'. आमच्या घरात तो बायबल न उघडताही वापरला जायचा. दूध उतू गेलं, भाकरी करपली, तर ते 'वाया गेलं'. 'व्यर्थ' मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असायचा.

दादा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यातलं घर बंद करून आमच्याकडे दिल्लीला, द्वारकेत राहायला आले, तेव्हा सामानात दोनच जड वस्तू होत्या. एक काळ्या कापडी बांधणीचं बायबल आणि दुसरी शाळेची पितळी घंटा. एका खेड्यातल्या मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून. ते निवृत्त झाल्यावर पट घसरत गेला, शाळा बंद झाली, आणि कुणीतरी ती घंटा त्यांना आणून दिली. तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "उपदेशकानं सांगितलंय तेच खरं. सगळं व्यर्थ." आवाजात दुःख नव्हतं. हजेरी घ्यावी तसं म्हणाले.

"असं नका म्हणू दादा" हे मी म्हणू शकले असते, पण त्याचा उपयोग झाला नसता. त्यांच्या बाजूने शास्त्रवचन होतं आणि माझ्या बाजूने फक्त माया. तेव्हा मी ठरवलं की शास्त्रात खरंच काय लिहिलंय ते बघावं. मी भाषांतराची कामं करते. एखाद्या शब्दाबद्दल शंका आली की मूळ बघायचं ही सवय होतीच. फक्त या वेळी मूळ हिब्रूत होतं.

मराठी माणसाने हिब्रूकडे जाणं काही नवं नाही. मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल मुलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं ते 1832 साली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये निघाली, पुण्यात 1874 मध्ये. आणि पंडिता रमाबाई! कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, केडगावला बसून सबंध बायबल मराठीत आणलं, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली. 1921 च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं. मुळाक्षरं गिरवताना मला कंटाळा आला की हे आठवायचं आणि थोडी लाज वाटायची.

मूळ शब्द आहे 'हेवेल'. तीनच अक्षरं: हे, बेत, लामेद. तोंडातून थोडी हवा सोडल्याशिवाय तो नीट उच्चारताच येत नाही. ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज या तिघांच्या जाडजूड कोशात त्याचा पहिला अर्थ आहे वाफ, श्वास. निरर्थक, पोकळ, फुकट हे अर्थ त्यातूनच पुढे निघालेले. त्या वचनात तो जोडून येतो, 'हवेल हवालीम', म्हणजे वाफांची वाफ. 'राजांचा राजा' म्हणावं तशी ही रचना. पराकोटी सांगायची हिब्रूची हीच रीत आहे. 'गीतांचं गीत' या पुस्तकाला मराठी भाषांतरकारांनी 'गीतरत्न' हे झकास नाव दिलं, म्हणजे ही रीत त्यांना पक्की ठाऊक होती. सगळ्यांत विरळ वाफ, असं काहीतरी ते वचन म्हणतं.

व्यर्थ हा निकाल आहे. वाफ ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. मग एकातून दुसरं झालं कधी?

झालं फार पूर्वी. जे जुनं ग्रीक भाषांतर झालं, त्यात 'माताइओतेस' हा शब्द आला, म्हणजे फोलपणा. पुढे जेरोमने लॅटिनमध्ये 'व्हॅनितास' केलं, 1611 च्या इंग्रजी बायबलात 'व्हॅनिटी' झालं, आणि त्याच वाटेने आपल्याकडे 'व्यर्थ'. हिंदीतही 'व्यर्थ'च. (पुस्तकाच्या नावात मात्र हिंदीने आपल्यावर मात केली आहे. मूळ 'कोहेलेत' या नावात 'काहाल', म्हणजे सभा, दडलेली आहे. सभा जमवणारा तो कोहेलेत. हिंदीवाले 'सभोपदेशक' म्हणतात. आपण सभा उठवून लावली आणि एकटा उपदेशक ठेवला.)

यातल्या जेरोमपाशी मी फार दिवस अडकले. कारण त्याला माहीत होतं. याच पुस्तकावरच्या त्याच्या लॅटिन भाष्यात त्याने सरळ लिहिलंय की जुनं ग्रीक भाषांतर सोडलं तर इतर ग्रीक भाषांतरकारांनी इथे 'वाफ' असाच शब्द घातला आहे. त्याचा अर्थही त्याने फोडून सांगितला: धुराची वाफ, लगेच विरून जाणारी पातळ झुळूक. इतकं कळूनही त्याने 'व्हॅनितास'च ठेवला.

त्या भाष्याची प्रस्तावना वाचली आणि वाटलं, हा नुसता कोशाचा प्रश्न नाही. रोममध्ये असताना जेरोम हे पुस्तक ब्लेसिला नावाच्या तरुण विधवेला शिकवत होता. हेतू एकच, तिच्या मनात या जगाविषयी तुच्छता निर्माण व्हावी. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तिने त्याच्याकडे एक लहानसं भाष्य मागितलं होतं. ते लिहून होण्याआधीच, 384 साली, ती गेली. वय जेमतेम वीस. कडक उपासतापासांनी गेली असं रोममध्ये लोक बोलले, अंत्ययात्रेत संन्याशांच्या नावाने बोटं मोडली गेली. चार-पाच वर्षांनी बेथलेहेममध्ये त्याने ते भाष्य पुरं केलं. जग सोडायला शिकवायचं असेल तर 'वाफ' हा शब्द कामाचा नाही. वाफेकडे माणूस बघत राहतो. 'व्यर्थ'कडे पाठ फिरवता येते. हा माझा तर्क, जेरोमचा कबुलीजबाब नव्हे. पण त्या मुलीच्या जागी बसून ते वचन ऐकलं की अंगावर काटा येतो.

हे सगळं मी दादांना थोडं थोडं सांगत होते, संध्याकाळी, नेब्युलायझर लावून झाल्यावर. नोव्हेंबर लागला होता. सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा फोनवर एक्यूआयचा आकडा बघायचे, गावी असताना पावसाचे मिलिमीटर बघायचे तसे. गच्चीत जायला त्यांना बंदी होती. खिडकीच्या काचेतून समोरची इमारत दिसायची नाही. विमानतळ इथून जवळ, त्यामुळे विमानांचा आवाज यायचा, विमान कुठेच नाही. मार्टिन बूबरने जर्मनमध्ये या शब्दासाठी 'डुन्स्ट' योजला आहे, म्हणजे हवेत साचलेली वाफ, धुरकं. तो त्या महिन्यात द्वारकेत समजावून सांगावा लागला नाही.

"म्हणजे तोंडातनं निघती ती वाफ," दादा म्हणाले. "थंडीत पोरं बिडी ओढल्यासारखी सोडायची. प्रार्थनेच्या रांगेत सुद्धा. मी छडी दाखवायचो."

मग म्हणाले, "पण ती वाईट म्हणून नाही दाखवायचो. रांग मोडायची म्हणून."

एवढ्यावर ते पटतील असं मला वाटलं होतं. पण चौतीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. दोन दिवस त्यांनी बायबल मांडीवर घेऊन काढले आणि तिसऱ्या दिवशी आठव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनावर बोट ठेवलं. तिथे असं आहे की नीतिमानाच्या वाट्याला दुष्टाचं फळ येतं आणि दुष्टाच्या वाट्याला नीतिमानाचं, आणि यालाही उपदेशक हेवेल म्हणतो. "हे वाफ कसं? वाफ विरून जाते. अन्याय विरतो होय?"

मुद्दा बिनतोड होता. मायकेल फॉक्स या अभ्यासकाने अशाच जागा पुढे करून म्हटलं आहे की इथे 'विसंगत', 'बुद्धीला न पटणारं' हाच अर्थ धरावा लागतो. शिवाय 'व्यर्थ' हा शब्दही काही कच्चा नाही. 'वि' आणि 'अर्थ': ज्याचा अर्थ निघून गेला ते. आणि आपला अर्थ म्हणजे मतलबही आणि पैसाही. हिब्रूतल्या उपदेशकालाही हिशेबाची भाषा आवडते. पहिल्याच अध्यायात तो 'यित्रोन' हा शब्द आणतो, जो सबंध हिब्रू बायबलमध्ये याच पुस्तकात सापडतो. मराठीत तिथे 'लाभ' आहे. पण मुळात 'यातर', उरणे. सगळा जमाखर्च झाल्यावर हातात काय उरलं, शिल्लक काय, असं तो विचारतो. दादांना 'शिल्लक' आवडला. शाळेच्या किर्दीत तो त्यांनी इतक्या वेळा लिहिला होता.

माझं मत असं झालं की मराठीने एकच शब्द अडतीस ठिकाणी चालवला यात तिचं फार चुकलं नाही. मुळातही अडतीस वेळा तोच शब्द आहे, आणि ती ठोक महत्त्वाची आहे. फरक इतकाच की हेवेल ही प्रतिमा आहे. ती प्रत्येक ठिकाणी जरा वेगळी वळते: कुठे क्षणभंगुर, कुठे हाती न लागणारं, कुठे समोरचं दिसू न देणारं. व्यर्थ वळत नाही.

हेवेलच्या जोडीला पुस्तकाच्या पूर्वार्धात आणखी एक शब्दजोड येते, 'रेऊत रूआख'. छापील मराठीत 'वायफळ उद्योग'. रूआख म्हणजे वारा, आणि श्वास, आणि आत्मासुद्धा. 'रेऊत'बद्दल जाणकारांचे वाद आहेत, पण त्याची अक्षरं तीच आहेत जी मेंढपाळाच्या कामाला लागतात. मी दादांना म्हटलं, वाऱ्याच्या मागे धावणं असं इंग्रजीवाले करतात.

"धावणं कशाला? वारा वळणं म्हण की."

नगरकडे मेंढरं वळतात, गुरं वळतात. वारा वळायला निघालेला धनगर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, खांद्यावर घोंगडं आणि पुढे काहीच नाही. कुठल्याच भाषांतरात मला इतकं नेमकं सापडलं नव्हतं. आणि त्या मेंढपाळाने मला आणखी एका मेंढपाळाकडे नेलं. उत्पत्तीत आदामाचा धाकटा मुलगा हाबेल, भावाने ज्याला शेतात मारलं, तो मेंढरं राखायचा. मराठीत 'हाबेल' वाचून काही कळत नाही. हिब्रूत त्याचं नाव तेच, हेवेल. आयुष्य थोडं, पोर नाही, त्याचा एक शब्दही त्या गोष्टीत नोंदलेला नाही. त्याच्या नावाचा तर्जुमा 'व्यर्थ' असा करायची हिंमत मराठी बायबलाने केलेली नाही.

दादा यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना यात माझा हेतू दिसला.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली. हेवेल असलेल्या जागांची यादी मी दिली आणि ते बायबलात एकेका ठिकाणी खूण करत गेले. रोज दोन-तीनच, श्वास पुरेल तितके. काही ठिकाणी 'व्यर्थ'वर बरोबरची खूण केली आहे. आठव्या अध्यायात तर दोनदा, जोर देऊन. दुसऱ्या अध्यायात, जिथे तो माणूस घरं बांधतो, मळे लावतो आणि मग हे सगळं कुणाच्या हाती जाणार म्हणून हताश होतो, तिथे एका जागी 'वाफ' लिहून पुढे प्रश्नचिन्ह, आणि समासात बारीक अक्षरात शाळेचं नाव. एवढंच. त्याचं उत्तर तिथे नाही, आणि मी विचारलंही नाही.

नवव्या अध्यायाच्या नवव्या वचनापाशी ते आठवडाभर थांबले. तिथे उपदेशक सांगतो की ज्या बायकोवर तुझं प्रेम आहे तिच्याबरोबर सुखाने राहा, आयुष्यभर, आणि त्या आयुष्याला दोनदा हेवेल म्हणतो. मराठीत तिथेही 'व्यर्थ' आहे. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इतर जागी दादांनी छापील शब्द तसाच ठेवून शेजारी लिहिलं होतं. इथे तो खोडला आहे, मुख्याध्यापकाच्या सरळ रेघेने. वर आधी 'वाफेच्या' लिहून पुसलं, कागद जरा खरबरीत झालाय. मग लिहिलं आहे: श्वासाएवढ्या.