सोबत होती म्हणून रस्ता होता

आमच्या घरात शाळेचा रस्ता दरवर्षी थोडा लांबतो. लग्नात, तेरवीला, नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला भावंडं गावी जमली की जेवणं आटोपल्यावर कोणीतरी तो विषय काढतंच. मोठे भाऊ पूर्वी दोन कोस सांगत, आता ते अडीचवर आले आहेत. नाल्याचं पाणी आधी कमरेपर्यंत असायचं, हल्ली गळ्याशी येतं. अस्वल एकदाच दिसलं होतं, तेही दूर मोहाखाली. आता त्याने आमचा पाठलाग केलेला असतो. एका पुतण्याने मोबाइलवर नकाशा उघडून मोजलं आणि म्हणाला, “काकाजी, साडेपाच किलोमीटर दाखवते.” भाऊ शांतपणे म्हणाले, “तुझा नकाशा चपला घालून चालला असंन.”

आम्ही म्हणजे एका घरातल्या तीन भावांची लेकरं. सख्खं कोण आणि चुलत कोण हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. गाव आजच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आमच्या शाळेच्या पाटीवर भंडारा जिल्हा परिषदेचं नाव होतं. टोल्यात चौथीपर्यंतची शाळा, एक खोली आणि एक गुरुजी. पाचवी ते सातवी अर्ध्या कोसावरच्या मोठ्या गावात. आठवीपासून पुढे अर्जुनी. धानाच्या चाळण्या जशा एकाहून एक बारीक असतात, तशा या तीन शाळा होत्या. पहिलीत टोल्यातली झाडून सगळी पोरं बसायची आणि अर्जुनीला पोहोचणारी बोटांवर मोजता यायची. हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नसे, कारण जो मागे राहिला तो संध्याकाळी धानाच्या बांधीत भेटायचाच.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. आमच्याकडे त्याच सुमारास धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकलेले असायचे आणि पुढे रोवणा, म्हणजे लावणी, लागला की निम्मा वर्ग चिखलात. उरलेला निम्मा युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेच्या वाटेला. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की झाली खोळ. तिच्यात दप्तर पाठीला चिकटून कोरडं राहायचं, आम्ही मात्र गुडघ्याखाली ओलेच. चपला असल्याच तर हातात. आमच्या झाडीपट्टीचा चिखल चपलेचा पट्टा ठेवतो आणि तळ काढून घेतो, हे प्रत्येकाने एकेकदा स्वतः शिकून घेतलं.

घोळक्याचे कायदे होते आणि ते कोणी लिहिलेले नव्हते. मोठा पुढे. धाकटे मध्ये. दुसरा एक दांडगा मागे, हातात काठी. पिंपळाखाली थांबायचं, सगळे आल्याशिवाय निघायचं नाही. कोणाची पाटी विसरली तर सगळ्यांनी थांबायचं आणि त्याला शिव्या घालायच्या. नाल्याला पाणी असेल तर आधी मोठ्याने काठी टाकून बघायचं, मग हात धरून रांगेत उतरायचं. पाणी वाढलेलं असेल तर परत फिरायचं. परत फिरण्याचा आनंद इतका असे की पाणी वाढलंय की नाही यावर भांडणं व्हायची. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिटी हे आमचं घड्याळ. शिटी नहराच्या अलीकडे ऐकू आली तर पळायचं, पलीकडे ऐकू आली तर चालायचं.

नहर म्हणजे इटियाडोहचा. गाढवी नदीवर ते धरण बांधलं आणि त्याच्या पाण्याने आमच्या भागातल्या धानाला भरवसा आला. आम्हाला त्याचा उपयोग वेगळा होता: नहराच्या पाळीवरून चाललं की पावसाळ्यातही पाय बऱ्यापैकी कोरडे राहत. दिवाळीनंतर धान कापून होई आणि बांध्यांमध्ये आधीच टाकलेली लाखोरी वर आलेली असे. तिच्या हिरव्या शेंगा खाण्यात अर्धा कोस कधी सरे कळत नसे. मग येरोन्या, मग सिंगाडे, उन्हं तापली की चाराची फळं आणि टेंभरं. रिकाम्या बांधीत सारसाची जोडी दिसली की सगळे थांबायचे. तेव्हा त्यात विशेष काही वाटत नव्हतं. आज महाराष्ट्रात सारस पाहायचा तर बहुतेक गोंदियाच गाठावं लागतं. मोहाच्या दिवसांत मात्र वाट बदलायची. पहाटे मोह वेचायला माणसं जातात तशी अस्वलंही येतात. त्या महिन्यात घोळका मोठमोठ्याने पाढे म्हणत चाले. आमच्यापैकी ज्यांना पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे, त्याचं श्रेय निम्मं गुरुजींना आणि निम्मं अस्वलाला.

हे सगळं गोड आहे आणि खरं आहे. पण याच वाटेवर आम्ही उपाशीही असायचो. सकाळी भाताची पेज पिऊन निघालेलं पोरगं दुपारी तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायचं. पायात काटा मोडला की आठवडाभर लंगडायचं. पोरं दमून येत आणि संध्याकाळी चिमणीच्या उजेडात पुस्तक उघडताच झोपत. आमच्या घोळक्यातला एक गोंडाचा पोरगा गणितात सगळ्यांच्या पुढे होता. सहावीत असताना त्याच्या घरच्यांनी त्याला वर्षाच्या बोलीवर ढोरकी ठेवला. त्यानंतर तो आम्हाला रोज त्याच वाटेवर भेटायचा, गुरं घेऊन, उलट्या दिशेने जाताना. कोसाकोसांच्या गोष्टीत आमचे भाऊ त्याचं नाव घेत नाहीत. विसरले असतील असं नाही. त्याचं नाव आलं की गोष्टीची चव बदलते.

आणि बाई. आमच्या सगळ्या भावंडांत थोरली, म्हणून तिला सगळे बाई म्हणतो. पाचवीत तिच्याबरोबर टोल्यातल्या आणखी तीन मुली होत्या, सातवीपर्यंत एक उरली. सातवीच्या उन्हाळ्यात त्या एकीचंही लग्न झालं. बाई चांगल्या गुणांनी पास झाली होती. मोठ्या गावचे गुरुजी घरी येऊन आज्याला सांगून गेले की पोरीला अर्जुनीला घाला. आजा शाळेच्या विरुद्ध नव्हता. स्वतःला सही येत नसल्याची त्याला लाज वाटे, आणि नातीने वाचून दाखवलेली पत्रं तो चार लोकांसमोर पुन्हा वाचायला लावी. तो एवढंच म्हणाला, “जाय ना. पन एकटी कशी जाशीन वो?” या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. भाऊ चौथीत होता. दुसऱ्या गावची मोठी पोरं जात, पण त्यांच्यासोबत पाठवायला माय तयार नव्हती. जून गेला, रोवणा लागला आणि बाई पऱ्हे उपटायला जाऊ लागली. कोणी शाळा बंद केली असं झालंच नाही. फक्त ती पुन्हा निघाली नाही.

काही वर्षांनी मी सातवी झाले. रस्ता तोच, नाला तोच, अस्वलं तीच. पण माझ्या पुढे दोन भाऊ अर्जुनीला जात होते आणि मोठ्या गावातल्या दोघी-तिघी मुली वाटेत मिळत होत्या. घरात चर्चासुद्धा झाली नाही. मी बाईपेक्षा हुशार नव्हते, धीटही नव्हते. मला सोबत होती, एवढाच फरक. तेवढ्या फरकावर मी पुढे नोकरीला लागले आणि ती धानाच्या बांधीत राहिली.

परवाच्या मंडईत भाऊ पुन्हा अडीच कोसांवर आले, तेव्हा बाई पहिल्यांदा मध्ये बोलली. “तुमी चालले म्हनून सांगता,” ती म्हणाली, “मले तं चालाले बी भेटलं नाही.” भाऊ गप्प झाले. मग तिनेच विषय बदलून पानाचा डबा मागितला.

तेव्हापासून मला वाटतं, मुलांनी शाळेसाठी लांब चालावं का, हा प्रश्न आपण चुकीच्या बाजूने विचारतो. चालून पोहोचलेले लोक म्हणतात, आम्ही चाललो, आमचं काय बिघडलं? बिघडलं ते त्यांचं नाही. ज्यांचं बिघडलं ते ही गोष्ट सांगायला शाळेच्या स्नेहसंमेलनात नसतात. आणि दुसरीकडे, आताच्या मुलांना दाराशी व्हॅन हवी, पायी चालणं म्हणजे हाल, असं म्हणणाऱ्यांना घोळक्याचं सुख ठाऊक नसतं. जपानमध्ये आजही बऱ्याच गावांत प्राथमिक शाळेची मुलं ठरल्या जागी जमतात आणि वरच्या वर्गातल्या मुलामागे रांगेने शाळेत चालत जातात. श्रीमंत देश आहे, गाड्या परवडत नाहीत म्हणून नव्हे. ते वाचलं तेव्हा मला आमचा पिंपळ आठवला. पुढे मोठा, मध्ये धाकटे, मागे काठीवाला.

आमच्याकडे बाईच्या प्रश्नाला सरकारी उत्तर यायला फार वर्षं लागली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या, आणि जवळच्या गावांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा अभ्यासकांना दिसलं की शाळेत येणाऱ्या मुली वाढल्या त्या मुख्यतः तीन किलोमीटरपेक्षा लांबच्या गावांतून. सायकलीने अंतर तर कापलंच, शिवाय एका गावातल्या मुली एकाच वेळी निघू लागल्या. निळ्या गाडीचंही तेच. बाईची नात त्या गाडीने बारावी झाली. गाडीत सगळ्या मुलीच, ओळखीचा चालक, ठरलेली वेळ. “एकटी कशी जाशीन” हे वाक्य त्या घरातून निघून गेलं.

पण गाडीची सोबतही कायमची नसते. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कोरोनाने बंद असलेल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि गाड्या थांबल्या. त्या महिन्यांत काही गावांतल्या मुली पुन्हा घोळक्याने निघाल्या, काहींना बाप मोटरसायकलवर सोडू लागले, आणि ज्या गावातून एकच मुलगी जात होती ती घरी राहिली. अर्ध्या शतकानंतरही हिशेब बदललेला नव्हता.

आता तर घोळकाच विरळ झाला आहे. घरटी मुलं कमी. त्यातली काही इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये बसतात, आणि टोल्याच्या शाळेत उरतात हाताच्या बोटांइतकी. मग पटसंख्येचा प्रश्न निघतो. २०१७ च्या अखेरीस सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरवलं होतं, २०२३ मध्ये लहान शाळांची मिळून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, सोबती जास्त, हे खरंच. माझी एकशिक्षकी शाळा मी पाहिली आहे, तिचं कौतुक मी करणार नाही. पण मोठ्या शाळेत वर्ग भरतो तेव्हा टोल्याच्या रस्त्यावरचा घोळका रिकामा होतो, हे हिशेबात धरलं जात नाही. शिक्षणहक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असं अंतर आहे. कागदावर ते रास्तच. फक्त तीन किलोमीटर वीस मुलांचे वेगळे आणि दोन मुलांचे वेगळे, आणि वाट जंगलाची असेल तर आणखीच वेगळे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. जंगल भरतं आहे याचा आनंद आहे. पण जंगलाला लागून असलेल्या टोल्यातल्या आईने सहावीतली दोन लेकरं त्या तीन किलोमीटरवर पाठवताना काय म्हणावं? पाढे म्हणत जा?

म्हणून मला कोणी विचारलं तर मी सांगते: लेकरांनी चालावं. पायांना बरं, डोळ्यांना बरं, आणि धाकट्याला सांभाळायची सवय लागते ती कुठल्याच तासिकेत लागत नाही. पण किती चालावं हे ठरवताना नकाशावर कंपासाने वर्तुळ काढून थांबू नये. त्या टोल्यातून सकाळी किती मुलं निघतील, त्यांत वरच्या वर्गातलं कोणी आहे का, नाल्यावर रपटा आहे की पूल, वाट जंगलातून जाते का, हे तिथल्या मायबापांना विचारावं. घोळका जमत असेल तर एखाद्या मोठ्याला सोबत देऊन चालू द्यावं. जमत नसेल तर शाळा टोल्यात राहू द्यावी किंवा गाडी टोल्यापर्यंत यावी, मग त्या गाडीत एकच मुलगी बसणार असली तरी. एका मुलीसाठी एसटी परवडत नाही असं म्हणणाऱ्याने आधी आमच्या बाईशी बोलावं. ती न शिकल्याने काय काय परवडलं नाही, हे तिला आकड्यांसकट सांगता येतं; सातवीपर्यंतचं गणित तिचं पक्कं आहे.