आप्पांच्या कानांसाठी अँप्लिफायर

कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. खरे तर डॉल्बी हे एका अमेरिकन अभियंत्याचे आडनाव. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि तिचे पहिले काम टेपवरील खरखर कमी करण्याचे होते. आवाज स्वच्छ करणाऱ्याचे नाव आपण दणक्याला दिले! आता तोच दणका हप्त्याने घरात येऊ लागला आहे. होम थिएटर घ्यायला गेलेली पोरे दुकानात पहिला प्रश्न विचारतात, "किती वॅट?"

मी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत इलेक्ट्रिशियन आहे. आमच्या घरी हा प्रश्न वडिलांमुळे उभा राहिला. आप्पांनी अठ्ठावीस वर्षे फेटलिंग खात्यात ग्राइंडरवर काम केले. निवृत्त झाले तेव्हा फंडाबरोबर बहिरेपणही घेऊन आले. यंत्राच्या गोंगाटाने कान जातात ते आधी बारीक, उंच आवाजाला. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे ऐकू येणे पहिल्यांदा कमी होते. त्यामुळे बोलण्यातले 'स', 'श', 'क', 'त' निसटतात. जाड, घुमणारा आवाज मात्र पुष्कळ दिवस टिकतो. आप्पा म्हणतात, "मी टीव्ही ऐकत न्हाई गा, नुसता बघतो." कानाचे मशीन बोलण्यापुरते लावतात, पण गाणे लागले की काढून ठेवतात. विहारात भीमगीते सुरू झाली की ढोलकीशेजारी जाऊन बसतात. हे बघूनच मुलगा म्हणाला, "पप्पा, बोनसमधून आप्पांसाठी सबवूफर घेऊया."

सौभाग्यवतींनी एकच अट घातली. "अहो, घ्यायचं तर घ्या. पण भिंतीपलीकडं तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा झोपतोय, ते ध्यानात ठेवून घ्या."

शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो. खोक्यावर ठळक अक्षरांत '५००० वॅट पीएमपीओ' छापले होते. मी यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचली. २३० व्होल्ट, ६० वॅट. म्हटले, "शेठ, आत साठ जातात, मग बाहेर पाच हजार कुठनं येणार?" ते हसून म्हणाले, "पट्टी कोण वाचतंय साहेब, गाणं ऐका." पीएमपीओ म्हणजे डोळ्याची पापणी लवेल तेवढ्या क्षणाचा, कागदावर फुगवलेला आकडा. पट्टीवरचा आकडा कधीकधी सरासरीचा असतो, त्यामुळे थोडे इकडेतिकडे होईल; पण साठाचे पाच हजार होत नाहीत. आपण विचारायचे ते 'आरएमएस' वॅट. यंत्र सतत देऊ शकते ती शक्ती ती.

मग मोठी शक्ती लागतच नाही का? लागते, पण तिचे कारण वेगळे आहे. आवाज जितका खालचा, तितकी हवा जास्त हलवावी लागते. सेकंदाला ८० कंपनांचा सूर स्पीकरने दिला आणि ४० कंपनांचा सूर तितक्याच जोराने हवा असेल, तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. म्हणून सबवूफरला दमदार अँप्लिफायर हवा. लहान यंत्र पूर्ण पिळले की आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजाने स्पीकरची कॉइल तापून जळते. दम असलेले यंत्र अर्ध्यावर चालवले तर दोन्ही सुखी राहतात.

पण वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. म्हणजे १०० ऐवजी २०० वॅटसाठी जास्तीचे पैसे मोजताना हा हिशेब डोक्यात असावा. चांगल्या संवेदनशीलतेचा स्पीकर ३ डेसिबल जास्त देत असेल, तर तोच फायदा अर्ध्या वॅटमध्ये मिळतो.

तिसरी गोष्ट ओहमची. अँप्लिफायर ४ ओहमपर्यंतचा असेल आणि त्याला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर भार २ ओहमचा होतो. करंट दुप्पट मागितला जातो, यंत्र तापते आणि बंद पडते. आम्ही ४ ओहमवर २०० वॅट आरएमएस देणारा अँप्लिफायर आणि तेवढे सोसणारा दहा इंची एकच स्पीकर घेतला. जोडण्याआधी घरातले अर्थिंग तपासले.

राहिली भिंत. खालचा आवाज विटांच्या भिंतीतूनही पलीकडे जातो. स्पीकर सामाईक भिंतीपासून दूर ठेवला, खाली जाड रबर घातले. रबराने जमिनीचा हादरा कमी झाला, हवेतला आवाज नाही. त्यावर उपाय दोनच, बटण आणि घड्याळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र धरली आहे दहा ते सहा. पण कायद्याची रात्र दहाला सुरू होते, तिसऱ्या पाळीवाल्याची रात्र सकाळी आठला. त्याला कुठला नियम वाचवणार? मी जाऊन त्यालाच विचारले. तो म्हणाला, "दादा, पाचला मी उठतो. त्यापुढं वाजवा की." तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी पाच ते आठ.

आप्पा पेटीवर तळहात ठेवून बसतात. ढोलकी घुमली की मान हलवतात आणि बोटांनी ठेका धरतात. बटण अर्ध्याच्या पुढे नेऊ देत नाही, कारण पोराचे कान अजून शाबूत आहेत. रोज तासन् तास ८५ डेसिबलच्या वर ऐकले, तर जे काम ग्राइंडरने आप्पांचे केले तेच काम गाणे त्याचे करील.

तेव्हा घेणाऱ्यांनी खोक्यावरचा आकडा सोडून आरएमएस विचारावा, ओहम जुळवावेत, मागची पट्टी वाचावी. आणि पैसे मोजण्याआधी भिंतीपलीकडे कोण, केव्हा झोपते, तेही एकदा विचारून यावे.