अपशिंग्याची वाट

प्रवासाला निघण्याची कारणे माणसागणिक निराळी. कोणी हवा पालटायला जातो, कोणी देवदर्शनाला. 2024 च्या मार्चात मी भाच्याला घेऊन सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावी गेलो तो, खरे सांगायचे तर, वेळ काढण्यासाठी. एका प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे होते आणि ते देण्याचे धैर्य होत नव्हते.

मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून ताई आणि भाचा पुण्यात आमच्याच इमारतीत राहतात. पोरगा नुकताच बारावीच्या परीक्षेतून मोकळा झाला होता. आदल्या सप्टेंबरात त्याने खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लेखी परीक्षा दिली होती; गणिताने दगा दिला. आता अग्निवीर म्हणून, म्हणजे साधा जवान म्हणून, सैन्यात जायचे त्याने मनात घेतले होते. अठरा पुरी नसलेल्या मुलाच्या भरतीच्या कागदावर पालकांची सही लागते. ताई मला म्हणाली, "तू म्हणशील तर करीन. मला काही सुचत नाही."

इथे एक कबुली देऊन टाकतो. हाच मुलगा प्रबोधिनीत निवडला गेला असता तर मी कॉलेजात पेढे वाटले असते. सीमेवरचा धोका, ताईचे एकटेपण, यांतले काहीही मला आठवले नसते. शत्रूची गोळी खांद्यावरचे तारे मोजून येत नाही, हे मला ठाऊक होते. पण 'आपला मुलगा शिपाई?' हा प्रश्न माझ्या पांढरपेशा मनात आधी उभा राहिला आणि धोक्याची आठवण मागाहून, त्याच्या मदतीला धावून आली.

स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरली. मार्चातच उन्हाने डोळे दिपत होते. खंबाटकीच्या घाटात गाडी धापा टाकू लागली तेव्हा मी विषय काढला. 2022 साली आलेल्या या योजनेत नोकरी चारच वर्षांची. चार वर्षांनंतर शंभरातले फार तर पंचवीस कायम व्हायचे, बाकीच्यांनी घरी यायचे. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 9 हजार कापून ठेवलेले. शेवटी साडेअकरा लाखांच्या वर एकरकमी हाती, पण पेन्शन नाही. हे सारे मी वर्गात वृत्ते समजावून सांगावीत तसे समजावले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही पहिली सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता ना? दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यायचात. ते चाललं होतं?"

घाट संपेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो.

सातारा जिल्हा आणि सैन्य यांचे नाते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. देशातली पहिली सैनिकी शाळा 1961 च्या जूनमध्ये साताऱ्यात निघाली. दुसऱ्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि याच जिल्ह्यातले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. ही माहिती मी साताऱ्याच्या स्थानकावर चहा पिताना भाच्याला ऐकवली. त्याने ती भिंतीवरचे वेळापत्रक वाचता वाचता ऐकली.

अपशिंगे साताऱ्यापासून साधारण 18 किलोमीटर. या गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' असे लिहितात. कोणा गावाच्या नावापुढे 'बुद्रुक' लागते, कोणाच्या 'खुर्द', तसे इथे 'मिलिटरी'! सैन्यात माणूस नाही असे घर इथे शोधावे लागते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारले. त्या दगडापाशी आम्ही उभे राहिलो. शेचाळीस म्हणजे आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या वर्गाची सबंध हजेरी. ती एका लहानशा गावातून, कुठल्या तरी परक्या बादशहाच्या लढाईसाठी, समुद्रापार गेली आणि आली नाही. भाचा म्हणाला, "आपल्या इमारतीत 24 बिऱ्हाडं आहेत. एकाही घरातलं कोणी सैन्यात नाही. मी मोजून पाहिलं."

एका निवृत्त हवालदारांनी आम्हांला घरी नेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले गृहस्थ, बेळगावच्या केंद्रात तयार झालेले. सत्तरीला आले होते, पण पाठ अशी की भिंतीला ओळंबा लावावा. मला वाटले होते, आता शौर्याच्या कथा ऐकायला मिळतील. त्यांनी भाच्याला विचारले, "पुलअप्स किती काडतोस?"

"सात."

"धा पायजेत. नऊ फुटांचा खड्डा मारतोस?"

"मारतो."

"आन सोळाशे मीटर?"

त्याने वेळ सांगितली. हवालदारांनी मान हलवली. ती पसंतीची होती की नापसंतीची ते मला कळले नाही. मी चार वर्षांचा मुद्दा काढला तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "आमच्या येळंला पंधरा वर्सं भरली की पेन्शन. त्या पेन्शनीवर हिर पाडली, पोरींची लग्नं केली. आता पोरगं बाविसाव्या वर्सी माघारी आलं तर काय, ह्याचा इचार हितं बी घरोघर चाललाय. न्हाई म्हनून कसं चालंल?" नातू मैदानी चाचणीची तयारी करतो म्हणाले. तरीसुद्धा? "तर. करतोय त्यो."

इतका वेळ त्यांच्या पत्नी उंबऱ्याशी बसून ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि भाच्याला विचारले, "आई काय म्हनती तुजी?"

"आईनं मामांवर सोडलंय."

"आन मामा?"

मी म्हणालो, "म्हणून तर गाव बघायला आलो."

त्या हसल्या. "गाव बघून काय कळायचं, दादा? हितं समदीच जात्यात, म्हनून कुनी इचारत न्हाई. मला तरी कुनी इचारलं? लगीन झालं आन चौथ्या म्हयन्यात ह्ये गेलं. तवा तार यायची. तारवाला सायकलीवर दिसला की आम्ही बाया हातातलं काम टाकून बगायचो, कुनाच्या दाराशी उतरतो. फुडं गेला की बरं वाटायचं. आन बरं वाटलं म्हनून लाज वाटायची." मग भाच्याकडे पाहून म्हणाल्या, "बाबा, आईला इचार. तिला समोर बसवून इचार. मामाच्या तोंडून नगं."

हवालदार काही बोलले नाहीत. त्यांनी पानाचा डबा उघडला आणि तो उगाचच बराच वेळ आवरत बसले.

उन्हे उतरल्यावर आम्ही निघालो. निघताना मावशींनी भाच्याच्या हाती गुळाची ढेप दिली, "तुज्या आईला दे" म्हणून. परतीच्या वाटेला खंबाटकीचा घाट लागत नाही. पुण्याकडे येणाऱ्या गाड्या बोगद्यातून येतात. त्या पिवळ्या उजेडात भाचा एकदम म्हणाला, "मामा, आईशी मी बोललोच नाही. ती रडेल म्हणून तुम्हांला पुढं केलं." मीही त्याला सांगून टाकले, की ताईने सही करू नये असा सल्ला देण्याचे मी जवळजवळ ठरवून आलो होतो आणि त्याचे खरे कारण चार वर्षे हे नव्हते. ते कारणही सांगितले. तो म्हणाला, "माहीत होतं."

रात्री ताईने दार उघडले आणि माझ्याकडेच पाहिले. मी म्हणालो, "त्याला विचार." गुळाची ढेप मधे ठेवून दोघे स्वयंपाकघरात बसले. मी बाहेरच्या खोलीत जुने वर्तमानपत्र घेऊन बसलो. आतून एकदा ताईचा रडण्याचा आवाज आला, एकदा चक्क हसण्याचा; बाकी वेळ दोघांचे खालच्या सुरातले बोलणे. साडेअकराच्या सुमारास तिने मला हाक मारली. भाच्याने फोनवर अर्ज उघडला होता. 250 रुपये शुल्क भरायचे होते. मी खिशातून माझा फोन काढला.

"राहू दे," ताई म्हणाली. "ते मी भरते."