थापटण्याची साक्ष

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघाले की साधारण पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागते. होस कोटे म्हणजे नवा कोट. मराठी वाचकास हे नाव सर्वस्वी परके असू नये. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, आणि पुढे शहाजीराजांना तिकडची जी जहागीर मिळाली तीत बंगळूरबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरा यांचाही समावेश होता. आज हे गाव महानगराच्या उंबरठ्यावर उभे आहे. मालवाहू गाड्या, गोदामे, भाजीपाल्याची शेते आणि एक विस्तीर्ण तळे, असे त्याचे रूप. जवळच मालूर तालुका. विटा आणि कौले यांसाठी तो दूरवर ठाऊक आहे. माती भाजून पोट भरण्याची विद्या या टापूला नवी नाही.

गावाबाहेर एका पत्र्याच्या छपराखाली एक मराठी कुंभारीण आपले चाक मांडून आहे. कुंभारीण हा शब्द तिने स्वतः पत्करलेला. जन्माने ती त्या जातीची नाही. ती मूळची खानापूरची. बेळगाव जिल्ह्यातील हे गाव मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाच्या शिक्षणाची संस्था तेथे चालवली. माती मळून देण्यास तिच्याजवळ मालूरकडील एक वृद्ध आहेत. ते मात्र पिढीजात कुंभार. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर त्यांच्या घरचे चाक थांबले. ती त्यांना अज्जा म्हणते. ते तिला अम्मा म्हणतात. दोघांचे बोलणे कन्नडमध्ये चालते. तयार पेल्याच्या बुडाशी जी खूण उमटते, ती मात्र एकटीचीच असते.

दिवाळीचा बाजार हा या छपराखालच्या वर्षाचा कणा आहे. शहरातील एका सभागृहात वसुबारसेच्या आधी तीन दिवस विक्री चालते. त्या तीन दिवसांच्या मिळकतीवर झिलईची द्रव्ये, भट्टीचा गॅस, अज्जांचा पगार आणि छपराचे भाडे यांची पुढील कित्येक महिन्यांची तरतूद अवलंबून असते. म्हणून हिशेब उलट्या दिशेने करावा लागतो. बाजाराच्या तारखेपासून मागे मोजत यायचे. झिलईची दुसरी भाजणी बाराशे अंशांच्या पुढे जाते. भट्टी तापण्यास एक दिवस आणि निवण्यास त्याहून अधिक. त्याआधी झिलई चढवणे. त्याआधी हजार अंशांच्या आतबाहेरची पहिली भाजणी. त्याआधी वाळवण. चाकावरचे काम तीन आठवडे आधी थांबले नाही, तर सगळेच ओढाताणीचे होते.

या हिशेबात एक गोष्ट कुणाच्या हातची नसते, ती म्हणजे हवा. महाराष्ट्रात दिवाळी म्हणजे पाऊस सरल्यानंतरचे स्वच्छ, कोरडे ऊन. अंगणात वाळत घातलेल्या पणत्या हे तेथील शरदाचे चित्र. बंगळूरच्या पठारावर सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच वर्षातील अधिक पावसाचे महिने आहेत. सण तोच, तिथी तीच, पण आभाळ निराळे. एका वर्षी ऐन वाळवणीत पाच दिवस पावसाने उसंत दिली नाही. साठ पेले फळ्यांवर ओलेच बसून राहिले.

मातीचे वाळणे ही दिसावयास निष्क्रिय, पण फार हालचालीची क्रिया आहे. ओला पेला वाळून आणि भाजून निघेपर्यंत शंभर भागांत दहा-बारा भाग आक्रसतो. हे आक्रसणे सर्व अंगांनी सारखे झाले तरच आकार टिकतो. काठ आधी सुकला आणि बूड ओले राहिले, तर बुडाशी तडा जातो. भट्टीतही असेच पहारे आहेत. शंभर अंशांपाशी राहिलेली ओल वाफ होऊन बाहेर पडू पाहते. वाट न मिळाल्यास भांडे फुटते. ५७३ अंशांवर मातीतील गारगोटीचे कण एकाएकी फुगतात, आणि निवताना त्याच अंशावर आकसतात. कुंभार घाई करू शकतो, माती करू शकत नाही.

सहाव्या दिवशी कुंभारणीने पंखा लावला. अज्जा काही बोलले नाहीत. पेले पालथे घालावेत एवढेच त्यांनी हाताने दाखवले. तोवर काठ पांढरे पडले होते.

पहिली भाजणी उघडली तेव्हा पेले देखणे दिसत होते. तिने एकेक उचलून बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. पक्के भांडे स्वच्छ नाद देते. तडा गेलेले बद्द वाजते. साठांपैकी तेवीस बद्द वाजले. बुडाशी केसासारखी रेघ. खिडकीपाशी धरल्याशिवाय दिसणार नाही अशी.

आता प्रश्न मातीचा उरला नव्हता. झिलई वितळली की काचेसारखी पसरते आणि बारीक रेघ बहुधा तिच्याखाली लपते. बाजारात दिव्यांच्या झगमगाटात कुणी पेला कानाशी धरत नाही. तो घरी जाईल, काही महिने नीट वागेल, आणि एखाद्या सकाळी उकळत्या चहाने बूड सोडील. तोवर पैसे आलेले असतील, आणि घेणारा स्वतःच्याच निष्काळजीपणाला दोष देईल.

जुन्या गावबाजारात हा प्रश्न असा उभा राहत नसे. माठ घेणारी बाई तो उचलून टिचकी मारून पाही, मगच भावाचे बोलणे. परीक्षा तिच्या हातात होती आणि कुंभाराला आपले नाव घालण्याची गरज नव्हती. विसाव्या शतकात निराळ्या धर्तीची भांडी आली. जपानला जाऊन कुंभारकाम शिकलेल्या सरदार गुरचरणसिंगांनी १९५२ मध्ये दिल्लीत आपली भट्टी उभारली. पाँडिचेरीत १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू झाली. या धारेतून आलेले भांडे डोळ्यांनी पारखले जाते आणि कर्त्याच्या खुणेवर विकले जाते. टिचकी मारण्याची सवय गेली. तिच्या जागी ती खूण आली. घेणाऱ्याने ऐकायचे सोडून दिले, म्हणून ऐकण्याची जबाबदारी करणाऱ्याकडे आली.

मराठी मनात थापटण्याची एक कथा घर करून आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना मडकी पारखायला सांगितले, आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर हाणले. नामदेव रागावले, तेच कच्चे ठरले. कथेचे लक्ष नामदेवांच्या पुढील प्रवासाकडे असते. पण परीक्षकाकडेही पाहावे. दुसऱ्याचे मडके वाजवण्याचा अधिकार गोरोबांना मिळाला, तो आयुष्यभर स्वतःची मडकी वाजवून बाजूला काढल्यामुळे. ज्याने आपले कच्चे कधी फोडले नाही, त्याच्या थापटण्याला अर्थ नाही.

कुंभारणीने तेवीस पेले वेगळ्या फळीवर ठेवले आणि दुपारभर त्यांच्याकडे पाहिले नाही. संध्याकाळी तिने अज्जांना विचारले, ‘‘तुमच्या वडिलांनी काय केले असते?’’

‘‘त्यांना विचारायची पाळी आली नसती, अम्मा,’’ ते म्हणाले. ‘‘घेणारीनेच परत केले असते.’’

तिने स्वतः मुसळ घेतले. भाजलेल्या, पण झिलई न चढलेल्या खापराची भुकटी वाया जात नाही. ती नव्या मातीत मिसळली की मातीचे आक्रसणे कमी होते, ओल बाहेर पडायला वाट मिळते, आणि पुढचे भांडे तड्यापासून वाचते. अज्जांनी भुकटी चाळून डब्यात भरली.

बाजारात सदतीस पेले गेले. मेजाच्या एका टोकाला जागा मोकळी राहिली, आणि त्या वर्षी छपराचे भाडे दोन हप्त्यांत द्यावे लागले. दिवाळीनंतर कोरडे ऊन पडले. डब्यातली भुकटी नव्या मातीत पडली. अज्जा ती तुडवू लागले. पंखा भिंतीवरून काढून ठेवला होता.