भोंगा थांबल्यानंतर

करी रोड स्थानकाच्या पुलावरून सकाळी उतरणारी गर्दी आज काचेच्या उंच इमारतींकडे वळते. एके काळी ती गिरण्यांच्या फाटकांकडे वळत असे. भोंग्यावर चाळी जाग्या होत, चुली पेटत. भोंगा कठोर होता खरा. पण जो माणसाला आत बोलावी, तोच पाळी संपल्यावर त्याला बाहेरही सोडी.

ही सुटकाही सहज मिळालेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी त्याला नसे. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे जवळून पाहिले होते. ती नोकरी सोडून त्यांनी 'दीनबंधू' पत्र चालवले आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. ज्याला गिरणी केवळ 'हात' म्हणून मोजत होती, तो कोणाचा बाप, कोणाचा शेजारी, कोणाचा भक्तही आहे, हे त्या सुट्टीने मान्य केले.

याच गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. हजेरीपटाने त्यांना हुद्द्यापुरतेच ओळखले असेल. परंतु १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाले आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांनी काम टाकले नाही. कामाला आपले सर्वस्व मात्र होऊ दिले नाही.

आता भोंगा थांबला आहे आणि काम संपल्याची खूण नाहीशी झाली आहे. व्यापाऱ्याच्या पेढीला तर ती कधीच नव्हती. ताटावर बसलेल्या शेठजींच्या कानाशी गिऱ्हाईकाचा फोन असतो. कंपनीत नोकरी करणारा मुलगा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नियम बैठकीसाठी मोडतो. वीस मिनिटे मागण्याचाही त्याला संकोच वाटतो. नियम मोडल्याचे दुःख लहान असेल. पण 'मी कोण' याचे उत्तर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर सोपवले जाते, ही हानी मोठी आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आपणच आखायची. परिग्रहाचेही परिमाण आपणच ठरवायचे. सामायिकाची ४८ मिनिटे कोणताही मालक देत नाही आणि कोणताही मालक हिरावूनही घेत नाही. व्रत म्हणजे उद्योगाचा त्याग नव्हे. उद्योग करणाऱ्याचे जतन होय. जो आपली वेळ पाळतो, त्याच्या शब्दावर बाजारही विश्वास ठेवतो.

लोखंड्यांच्या काळी मर्यादेसाठी मालकाशी झगडावे लागले. आज ती बहुधा स्वतःकडेच मागावी लागते आणि ते अधिक कठीण आहे. निरोपाच्या हाराबरोबर हुद्दा उतरतो, पेढीची गादी पुढच्या पिढीकडे जाते. त्यानंतर घरी जो माणूस उरतो, त्याची ओळख त्या दिवशी नव्याने करून घ्यावी लागू नये, एवढी काळजी आजपासून घेता येते.