ऐरणीजवळची शाळा

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही जळगावहून धुळ्याला निघालो. बरोबर थोरल्या भावाचा मुलगा होता, आठवी पास होऊन नववीत गेलेला. पाळधी, एरंडोल मागे पडले तेव्हा खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा लागत होता. दोन्ही बाजूंना कपाशीची मोकळी रानं, वखरणी करून पावसाची वाट बघत पडलेली. खानदेशातले हे दिवस म्हणजे अवजारं नीट करून घेण्याचे दिवस.

पारोळ्याला आत्याकडे मुक्काम केला. सकाळी आत्याने दोन खुरपी आणि एक विळा हातात दिला आणि म्हणाली, "रस्त्याच्या कडेला घिसाडी उतरलेत. पाजवून आणा, नाहीतर मिरगापर्यंत यांना धार नाही."

पाल टाकून एक कुटुंब बसले होते. जमिनीत पुरलेली छोटी ऐरण, खड्ड्यात कोळशाची भट्टी, आणि जुन्या चामडी भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा. पंखा फिरवत होती तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाप सांडशीने लोखंड धरी आणि आई उभी राहून घण मारी. दोघांच्या घावात एवढा ताल होता, की आम्ही कशासाठी आलो ते क्षणभर विसरलो.

आमच्या पुतण्याने लगेच विचारले, "काका, मी मारू का एक घाव?" कारागिराने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. "मार की. पण आधी तो शर्ट बदलून ये. नायलॉनवर ठिणगी पडली तर कापड अंगाला चिकटतं. सुती घाल. आणि पायात बूट."

पोरगं धावत जाऊन बदलून आलं. मग सुरू झाला आमचा वर्ग. होय वाचकहो, तो वर्गच होता, फक्त फळा नव्हता.

पहिला धडा: लाल लोखंडाची भीती सगळ्यांनाच असते, खरी भीती काळ्याची. लाली उतरलेला तुकडा थंड दिसतो, पण हात भाजण्याइतका तापलेला असतो. म्हणून पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही, सांडशीच लावायची.

दुसरा धडा रंगाचा. लोखंड गडद लाल झाले म्हणून लगेच ठोकू नये. ते नारिंगी-पिवळे होऊ द्यावे, आणि लाली मावळली की पुन्हा भट्टीत घालावे. थंड्या लोखंडावर घण घातला तर ते चिरते. उलट फार तापवून त्यातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळाले, ते वाया गेले. पुतण्याने घाई करून हातोडा उचलला, तेव्हा पंख्यावरची मुलगी म्हणाली, "अजून नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आता." तिचा अंदाज एकदाही चुकला नाही.

तिसरा धडा पाणी देण्याचा. विळ्यासाठी ट्रकच्या पाट्याचा तुकडा घेतात, बांधकामाची साधी सळई नाही. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, म्हणून तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते. साध्या सळईत कार्बन कमी, तिला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. पण नुसते कडक पाते काचेसारखे तुटते. म्हणून पुन्हा हलकेच तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. तापलेल्या लोखंडाला सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोहचुंबक चिकटत नाही, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही शिकवता येईल. इथे तेच ज्ञान डोळ्यांत आणि मनगटात होते.

अर्ध्या तासात पुतण्याने सळईचा एक वाकडातिकडा आकडा बनवला. त्याला कोण आनंद! आम्ही मुलीचे कौतुक केले आणि तिच्या शाळेची चौकशी केली. चौथीपर्यंत, तेही तीन गावांत मिळून, असे बापाने सांगितले. मग पैसे घेताना तो सहज बोलला, "तुमच्या पोराला सुट्टीत इथं यावंसं वाटतं. माझ्या पोरीला इथून सुट्टी पाहिजे."

ते वाक्य धुळ्यापर्यंत आमच्याबरोबर आले. मुकटी, फागणे गेले तरी आम्ही दोघे नवरा-बायको त्यावरच बोलत होतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या पुस्तकात दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. तिथे धंदा आवडीने निवडता येत नाही, तो जन्माबरोबर गळ्यात पडतो. घाव एकच, हातोडा एकच. आमच्या मुलासाठी तो शिक्षण, आणि त्या मुलीसाठी तो अडकवणारा खुंटा. फरक हातोड्यात नाही. फरक दप्तरात आहे.

म्हणून आपल्या घरात कोणी 'मुलांना हातकाम कशाला?' म्हणते तेव्हा त्यामागचे दुखणे आम्हाला कळते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला कामच दिले, पुस्तक दिले नाही. पण पुस्तक हाती आल्यावर हातोडा कमीपणाचा मानणे हाही त्या जुन्या उतरंडीचाच विजय आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांच्या खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाचेही काम होते. ज्याची नोंद होते, ज्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि जे कोणत्याही घरातल्या मुलाला खुले असते, ते शिक्षण वेगळे आणि जन्माची सक्ती वेगळी.

असे शिक्षण महाराष्ट्रात घडलेले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात आले. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीच्या वर्गांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुले-मुली लोखंडकाम, वीज, शेती, आरोग्य अशी कामे स्वतःच्या हाताने करतात आणि त्यातूनच गणित, विज्ञान शिकतात. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण ही पद्धत मागे राहिली.

सरकारी वाटाही पालकांनी नीट समजून घ्याव्यात. आयटीआयला प्रवेश वयाच्या १४ वर्षांपासून मिळतो, आणि जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत सरकारी आयटीआय आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत असते, पण त्यासाठी वय १८ पूर्ण लागते. तेरा-चौदाच्या मुलांना हात लावून शिकायचे असेल तर शाळा हीच जागा. त्याच वेळी, १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे आणि १८ वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, हेही विसरू नये.

लग्न आटोपल्यावर आम्ही मुलाला घेऊन लळिंगला गेलो. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात राहिले होते. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, त्या मुलीला माझी आठवीची पुस्तकं देऊ या का?"

परतताना पारोळ्याला पुन्हा उतरलो. पाल नव्हते. राखेचा काळा गोल तेवढा उरला होता. शेजारच्या टपरीवाल्याला विचारले, तर ती माणसे अमळनेरच्या बाजूला गेल्याचे कळले.

पुस्तके अजून आमच्याकडेच आहेत. पुढच्या मे महिन्यात ती बरोबर घेऊनच आम्ही निघणार आहोत. तोवर वाचकांना एवढीच विनंती: जूनमध्ये शाळेत गेलात की मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारा. आमच्या मुलांना आणि मुलींनाही हाताने काम शिकवणार का? आणि वस्तीबाहेर पाल टाकलेल्यांच्या मुलांना, महिनाभरासाठी का होईना, वर्गात बसवून घेणार का?